उगम आणि अंत : वनस्पतींपासून विघटनशील बहुवारिके

[लखनौमधील मराठी भाषकांच्या एका मेळाव्यात प्रस्तुत पुस्तकाच्या अनुवादिकेने दिलेल्या व्याख्यानाची ही संहिता. पुस्तकातील विषयाची तोंडओळख सामान्य वाचकास व्हावी, या हेतूने ती येथे परिशिष्ट म्हणून जोडली आहे.]



रसायनशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, हे आरंभीच कबूल करते. मी मराठी भाषेची विद्यार्थिनी. एम. ए. मराठीचे, आणि पुढील सारी वर्षे अनुवादाच्या कामात गेली. नूतनीकरणक्षम नैसर्गिक द्रव्यांपासून विघटनशील बहुवारिके कशी तयार करतात, ह्या विषयावरील पुस्तक मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्यातील संज्ञांशी झगडता झगडता जे काही उमगले, तेवढेच आज आपणांपुढे मांडणार आहे. त्यात माझ्या एका चुकीची हकीकतही आहे, आणि ती मी प्रथमच सांगून टाकते. कारण आजचे सारे विवेचन त्या चुकीतूनच निघाले आहे.

अनुवादाच्या पहिल्या खर्ड्यात मी वनस्पतींपासून तयार होणाऱ्या सर्व प्लास्टिकांसाठी ‘मातीत मिसळून जाणारे’ असा शब्दप्रयोग केला होता. तो मला सोपा वाटला, घरगुती वाटला आणि खरे सांगायचे तर थोडा अभिमानही वाटला. त्याच सुमारास पुण्यातील आमच्या वसाहतीत ओल्या कचऱ्याचा खड्डा सुरू झाला होता. अशा पिशव्या खड्ड्यात टाकण्यास हरकत नाही, असे मी शेजाऱ्यांना ठामपणे सांगितले. एक पावसाळा गेला. माळ्याने खड्डा उपसला, तेव्हा पत्रावळी, द्रोण, नारळाच्या शेंड्यांखेरीज बाकी सारे, यांची काळी भुसभुशीत माती झाली होती. आणि तिच्यात पिशव्या जशाच्या तशा, वरची अक्षरे वाचता येतील अशा होत्या. माळी काही बोलला नाही. त्याने त्या एकेक ओढून काढल्या आणि माझ्या दारात आणून ठेवल्या.

मी घरी येऊन मूळ पुस्तक पुन्हा उघडले. लेखकाची चूक नव्हती. त्याने दोन निरनिराळ्या गोष्टी दोन निरनिराळ्या शब्दांत सांगितल्या होत्या आणि मी त्या एकाच शब्दात कोंबल्या होत्या. वस्तू कशापासून जन्मली, हा एक प्रश्न. तिचा शेवट कसा होतो, हा अगदी दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचेही मिळाले, असे आपण गृहीत धरतो. ते तसे का नाही, हे समजण्यासाठी बहुवारिक म्हणजे काय, येथून सुरुवात केली पाहिजे.

‘बहुवारिक’ हा शब्द आपल्याला विश्वकोशासारख्या ग्रंथांत भेटतो. एकाच प्रकारचे, अथवा दोन-तीन प्रकारचे, लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन जी लांबच लांब साखळी होते, ती बहुवारिक. त्यातील एकेक लहान रेणू म्हणजे एकवारिक. साखळी शेकडो, हजारो दुव्यांची असू शकते. असे प्रचंड रेणू खरोखरच अस्तित्वात असतात, हे जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडले, तेव्हा अनेक रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नव्हते. पुढे १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निसर्गाला मात्र हा कारखाना फार पूर्वीपासून अवगत होता. कापसाचे तंतू, लाकूड, तांदळातील स्टार्च, रेशीम, लोकर, डिंक ही सारी बहुवारिकेच होत.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. प्लास्टिकचा आरंभ खनिज तेलापासून झाला नाही, वनस्पतींपासूनच झाला. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन हायट यांनी तयार केलेले सेल्युलॉइड हे कापसातील सेल्युलोजावर नायट्रिक अम्लाची प्रक्रिया करून त्यात कापूर मिसळून बनवलेले होते. बिलियर्डच्या चेंडूंना हस्तिदंत लागे, त्याला पर्याय म्हणून ही खटपट होती. दुधातील केसीनपासून गुंड्या होत. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या लाखेच्या. पूर्णतः संश्लेषित असे पहिले प्लास्टिक, बेकेलाइट, हे १९०७ मधले; आणि आज आपल्या हाताहातांत दिसणारे पॉलिथीन १९३३ मध्ये इंग्लंडात प्रथम हाती आले. म्हणजे वनस्पतींकडे वळणे हे परत फिरणे आहे. मधल्या काळात खनिज तेल इतके स्वस्त आणि मुबलक झाले की जुनी वाट बुजली, एवढेच.

आता अंताचा प्रश्न. साखळी तुटते कशी? स्टार्च आणि सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोजच्याच रेणूंची बनलेली. फरक आहे तो दोन दुवे कोणत्या कोनातून जोडले गेले एवढ्याचाच. तरीही भात आपल्याला पचतो आणि गवत पचत नाही. गाईला गवत पचते, ते तिच्या पोटातील सूक्ष्मजंतूंमुळे. सेल्युलोजाचा सांधा उघडणारी किल्ली, म्हणजे विशिष्ट एंझाइम, त्यांच्याजवळ असते. कुलूप आणि किल्ली यांची ही गोष्ट आहे. कुलूप कोणत्या खाणीतल्या लोखंडाचे आहे, याच्याशी किल्लीला कर्तव्य नसते.

पॉलिथीनच्या साखळीचा कणा निव्वळ कार्बनचा. एका कार्बनला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. सूक्ष्मजंतूंना तेथे पकड घेण्याजोगा सांधाच सापडत नाही. याउलट ज्यांना पॉलिएस्टरे म्हणतात, त्यांच्यामध्ये दर थोड्या अंतरावर ऑक्सिजनचा सांधा असतो. त्या सांध्यात पाण्याचा रेणू शिरू शकला की तो निखळतो. मोठी साखळी लहान होते, लहान तुकडे पाण्यात विरघळतात आणि मग सूक्ष्मजंतू त्यांचे अन्न करून शेवटी कार्बन डाय-ऑक्साइड, पाणी आणि स्वतःची वाढ एवढेच मागे ठेवतात. विघटन म्हणजे हे. वस्तूचे बारीक तुकडे होणे म्हणजे विघटन नव्हे.

ह्या मुद्द्याचा सर्वोत्तम पुरावा पाहण्यासाठी आपणांस लांब जावे लागणार नाही. आपल्याच ह्या शहरात बिरबल साहनी यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेली पुरावनस्पतिविज्ञानाची संस्था आहे. १९४९ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिच्या इमारतीची कोनशिला बसली आणि त्यानंतर आठवड्याभरातच साहनी निवर्तले. त्या कोनशिलेत त्यांनी स्वतः निरनिराळ्या युगांतील जीवाश्म बसवले होते. अशा संस्थांमध्ये कोट्यवधी वर्षांपूर्वीचे परागकण अभ्यासले जातात. खडक तीव्र अम्लांत विरघळवतात. दगड विरघळून जातो आणि परागकणाचे कवच शाबूत राहते! त्या कवचातील द्रव्य हेसुद्धा एक बहुवारिकच. स्पोरोपोलेनीन असे त्याचे नाव. ते शंभर टक्के नैसर्गिक, शंभर टक्के वनस्पतिजन्य आहे, आणि तरीही युगे लोटली तरी ते नष्ट होत नाही. निसर्गाला जेथे टिकाऊपणा हवा होता, तेथे त्याने तो साधला आहे. ‘नैसर्गिक ते कुजतेच’ ही आपली समजूत परागकणाच्या एका कणाने खोटी ठरते.

दुसरे उदाहरण बरेलीचे. १९६० च्या दशकात तेथे संश्लेषित रबराचा कारखाना उभा राहिला. त्याचा कच्चा माल होता अल्कोहोल, आणि अल्कोहोल येई साखर कारखान्यांच्या मळीपासून. म्हणजे ते रबर उसाच्या पोटचे म्हटले तरी चालेल. पण अल्कोहोलापासून ब्यूटाडाइन तयार झाले, त्याची साखळी झाली, की ते इतर कोणत्याही संश्लेषित रबरासारखेच. उसाची कोणतीही आठवण त्याच्या अंगी उरत नाही. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलापासून पॉलिथीन मोठ्या प्रमाणावर तयार होते. त्याला हिरवे म्हणतात, आणि खनिज तेल वाचते या अर्थाने ते म्हणणे रास्तही आहे; परंतु ती पिशवी नाल्यात पडली तर तेलाच्या पिशवीइतकीच वर्षे तेथे पडून राहील. उलट, खनिज तेलापासून बनवलेली काही पॉलिएस्टरे योग्य परिस्थितीत पूर्ण विघटित होतात.

तेव्हा चार घरे झाली. वनस्पतीपासून जन्मलेले आणि विघटन पावणारे. वनस्पतीपासून जन्मलेले आणि न पावणारे. तेलापासून जन्मलेले आणि पावणारे. तेलापासून जन्मलेले आणि न पावणारे. ‘जैव प्लास्टिक’ हा एकच शब्द ह्यांपैकी पहिल्या तिन्ही घरांवर लावला जातो. माझ्या दारात आलेल्या पिशव्यांचे मूळ ह्या शब्दात होते.

पहिल्या घराकडे आता जरा निवांत पाहू; कारण पुस्तकाचा गाभा तोच आहे. तेथील सर्वांत महत्त्वाचा रहिवासी म्हणजे पॉलिलॅक्टिक अम्ल. लॅक्टिक अम्ल आपल्या रोजच्या परिचयाचे आहे. दुधाला विरजण लावले की सकाळी दही आंबट होते, ते ह्याच अम्लाने. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७८० मध्ये ते आंबलेल्या दुधातूनच वेगळे काढले. दह्यातील जंतूंचे भाऊबंद साखरेवरही हेच काम करतात. उसाच्या साखरेचा एक रेणू पाण्याच्या साहाय्याने फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात, आणि त्यांच्यापासून लॅक्टिक अम्लाचे चार रेणू तयार होतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी नावाच्या जंतूवर अतिनील किरणांचा मारा करून अधिक अम्ल देणारा वाण निवडून काढला. उसाच्या साखरेवर त्यांनी केलेल्या ह्या कामाचा वृत्तान्त २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे पहिली अडचण उभी राहते. अम्ल वाढू लागले की ते निर्माण करणारा जंतूच त्यात गुदमरतो. म्हणून टाकीत चुना घालून अम्ल मारावे लागते. त्यातून कॅल्शियम लॅक्टेट तयार होते. पुढे त्यावर गंधकाम्ल घालून लॅक्टिक अम्ल मोकळे करतात, तेव्हा खाली जिप्सम बसते. हिशेब केला तर एक टन अम्लामागे जवळजवळ एक टन जिप्सम पडते. वनस्पतिजन्य द्रव्याच्या ह्या मार्गावर कचऱ्याचा असा एक डोंगर आहे. तो टाळण्यासाठी अम्लातही तग धरणारे जंतू वापरणे, विद्युत् व पटलांच्या साहाय्याने अम्ल वेगळे करणे, असे उपाय शोधले गेले आहेत. परंतु कारखानदारीच्या हिशेबात जिप्समचा प्रश्न पुष्कळ काळ ठाण मांडून बसला होता.

दुसरी अडचण साखळी जोडण्याची. लॅक्टिक अम्लाच्या रेणूला दोन हात आहेत. एकाचा उजवा हात दुसऱ्याच्या डाव्या हातात गेला की सांधा जुळतो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. तेव्हा नुसते तापवले की झाले, असे वाटेल. पण बाहेर पडलेले पाणीच उलट फिरून नुकताच जुळलेला सांधा तोडते. द्रव घट्ट होत जातो, त्यातून पाणी निघेनासे होते आणि साखळी आखूड, ठिसूळ राहते. अशा साखळीचा कप घडत नाही.

ह्यावर जी युक्ती निघाली, ती आपल्यापैकी काहींना लगेच समजेल. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातून देशभर पसरलेली गलाईवाल्यांची कुटुंबे आपल्या ओळखीची आहेत. जुने सोने जसेच्या तसे ठोकून नवा दागिना करीत नाहीत. ते वितळवतात, तेजाबाने हीण वेगळे काढतात, आणि चोख सोने हाती आल्यावरच ते सोनाराकडे जाते. येथेही तेच केले जाते. आधी जमलेल्या आखूड साखळ्या मुद्दाम पुन्हा तोडतात. पण अशा रीतीने की दोन-दोन रेणूंची वर्तुळे, म्हणजे लॅक्टाइडची वलये, सुटी व्हावीत. ही वलये ऊर्ध्वपातनाने शुद्ध करतात. मग कथिलाच्या एका संयुगाचा अंश उत्प्रेरक म्हणून घातला की वलये उघडतात आणि एकापुढे एक जुळत लांब साखळी होते. आता पाणी बाहेर पडण्याचा प्रश्नच नाही. ते आधीच निघून गेलेले असते. हातात येतात ते तांदळाच्या दाण्याएवढे पांढुरके दाणे. ते सुमारे १७० अंश सेल्सिअसला वितळतात. त्यांचे धागे काढता येतात, पत्रे लाटता येतात, कप घडवता येतात.

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात ब्लेअर येथे २००२ मध्ये मक्यापासून हे द्रव्य तयार करणारा मोठा कारखाना सुरू झाला. आपल्याकडे २०२४ मध्ये जेजुरीला, खंडोबाच्या त्या गडाच्या परिसरात, प्राज इंडस्ट्रीजने साखरेपासून दाण्यांपर्यंतची सर्व पायऱ्यांची प्रात्यक्षिक यंत्रणा उभारली. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या लखनौच्या उत्तरेस, लखीमपूर खेरी जिल्ह्यातील कुंभी येथे, बलरामपूर चिनी मिल्सच्या कारखान्याची पायाभरणी झाली. वर्षाला ८०,००० टन पॉलिलॅक्टिक अम्ल, अशी त्याची योजलेली क्षमता आहे. उसाचे पीक, साखर आणि प्लास्टिक एकाच आवारात, अशी ही कल्पना आहे.

ह्या आकड्याकडे डोळे दिपू न देता पाहिले पाहिजे. रसायनशास्त्राचा हिशेब असा की १०० किलो साखरेतून, काहीही वाया गेले नाही असे मानले तरी, ८४ किलोहून अधिक पॉलिलॅक्टिक अम्ल मिळू शकत नाही. म्हणजे ८०,००० टनांसाठी किमान ९५,००० टन साखर हवी, प्रत्यक्षात अधिकच. उत्तर प्रदेशात होणाऱ्या साखरेच्या मानाने हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास भरते. तेवढ्याने कोणाच्या चहातील साखर कमी होणार नाही. पण दुसऱ्या बाजूने पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालानुसार २०२०-२१ ह्या वर्षात देशात सुमारे ४१ लाख टन प्लास्टिक कचरा निर्माण झाला. त्यापुढे हे ८०,००० टन म्हणजे जेमतेम दोन टक्के. सारे प्लास्टिक उसातून काढायचे ठरवले, तर ऊसच पुरणार नाही. आणि ऊस म्हणजे पाणी, ही गोष्ट मराठवाड्यातून आलेल्या श्रोत्यांना मी काय सांगावी?

शिवाय नूतनीकरणक्षम म्हणजे अक्षय नव्हे. रायबरेली रस्त्यावरील ऊस संशोधन संस्था १९५२ पासून ह्याच शहरात आहे. तेथील मंडळी हे अधिक चांगले सांगतील. ‘को ०२३८’ हा उसाचा वाण २००९ मध्ये आला आणि त्याच्या उताऱ्यामुळे उत्तर प्रदेशाच्या ऊसक्षेत्राचा फार मोठा भाग त्याने व्यापला. पुढे त्याला लाल कूज ह्या रोगाने गाठले आणि शेतकऱ्यांना वाण बदलण्याची धावपळ करावी लागली. जमिनीतून उगवणाऱ्या कच्च्या मालाला रोग आहे, अवर्षण आहे, बाजारभाव आहे. बगॅस वापरा, असे म्हटले जाते. पण तो आधीच कारखान्याच्या बॉयलरखाली जळत असतो, आणि त्यातील सेल्युलोज सुटे करण्यास खर्चही येतो. ह्या अडचणी आहेत म्हणून प्रयत्न सोडावा, असे मी म्हणत नाही. हिशेब मांडूनच पुढे जावे, एवढेच.

आता माझ्या दारातील पिशव्यांकडे परत येते. त्या खोट्या नव्हत्या. त्यांत पॉलिलॅक्टिक अम्ल होते आणि ते विघटनशील आहे, हेही खरे. पण कोणत्या परिस्थितीत? ५५ ते ६० अंशांच्या खाली हे द्रव्य काचेसारखे ताठ असते. साखळ्या हलत नाहीत, पाणी आत शिरण्यास फार वेळ लागतो. त्यापुढे तापमान गेले की ते सैल पडते, पाणी सांध्यांपर्यंत पोहोचते आणि मग काम झपाट्याने होते. म्हणूनच कंपोस्टयोग्य प्लास्टिकाची कसोटी सुमारे ५८ अंशांवर, ओलावा आणि हवा राखून घेतली जाते. तिच्यात १८० दिवसांच्या आत नव्वद टक्के कार्बनाचे कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. भारतीय मानक १७०८८ हे अशा द्रव्यांसाठीच आहे. एवढी उष्णता मोठ्या, नीट उलथवल्या जाणाऱ्या खताच्या ढिगात सूक्ष्मजंतूंच्याच श्वसनाने निर्माण होते. आमच्या वसाहतीच्या लहानशा खड्ड्यात ती नव्हती. लखनौच्या ज्येष्ठातील लूही ४५ अंशांच्या आसपास थांबते. गोमतीच्या पाण्यात तर प्रश्नच नाही; समुद्राच्या पाण्यात वर्षभर ठेवलेल्या ह्या द्रव्यात फारसा फरक पडलेला दिसत नाही.

याहून फसवा एक प्रकार आहे, तोही सांगितला पाहिजे. पॉलिथीनमध्ये धातूंचे काही क्षार मिसळले की ऊन व हवा यांनी ते लवकर ठिसूळ होऊन त्याचा चुरा होतो. पिशवी दिसेनाशी होते. पण चुरा मातीत आणि पाण्यातच असतो. युरोपीय संघाने २०२१ पासून अशा वस्तूंवर बंदी घातली. दिसेनासे होणे आणि नसणे यांतला हा फरक आहे.

मग ही खटपट व्यर्थ का? मुळीच नाही. कोठे वापरायचे, हे कळले पाहिजे. शल्यविशारदांनी ते फार पूर्वी ओळखले. पोटातील टाके काढण्यासाठी पुन्हा पोट उघडावे लागू नये, म्हणून मेंढीच्या आतड्यापासून केलेला दोरा ते वापरीत. १९७० च्या दशकात ग्लायकॉलिक व लॅक्टिक अम्लांच्या बहुवारिकांचे दोरे आले. शरीराच्या उबेत आणि ओलाव्यात ते जखम भरेपर्यंत टिकतात आणि मग विरून जातात. एकवारिकांचे प्रमाण बदलून किती आठवडे टिकावे, तेही ठरवता येते. तेथे वस्तूचे काम, तिचे आयुष्य आणि तिच्या अंताची जागा ही तिन्ही आधीच ठाऊक असतात.

ही दृष्टी लखनौला नवी नाही. चिकनचे काम करणाऱ्या बायकांकडे कापड येते, तेव्हा त्यावर लाकडी ठशांनी नक्षी छापलेली असते. तो रंग नीळ आणि डिंक यांचा. धुतला की जाणारा. बोटांना वाट दाखवणे एवढेच त्याचे काम. टाके पुरे झाले की कापड धोब्याकडे जाते, छापा निघून जातो आणि भरतकाम तेवढे राहते. तो रंग पक्का असता तर काम बिघडले असते. टाके पुरे होण्याआधीच उडाला असता, तरी बिघडले असते. शिवाय तो जावा, म्हणून कोणीतरी कापड घाटावर नेऊन धुतेच. घाट आणि धोबी नसते, तर तो कच्चा रंगही कापडावरच राहिला असता. विघटनशील बहुवारिकाकडून आपली अपेक्षा नेमकी हीच असावी : कामापुरते टिकणे, काम सरल्यावर जाणे, आणि जाण्याची व्यवस्था आधीच केलेली असणे.

ही व्यवस्था म्हणजे काय? ओला कचरा ज्या पिशवीत भरून खताच्या मोठ्या प्रकल्पाकडे जातो, ती पिशवी कंपोस्टयोग्य असणे युक्त आहे. ती कचऱ्याबरोबरच त्या उष्णतेत पोहोचते. शेतात अंथरलेला मल्चिंग पेपर फाटून मातीतच राहतो. तेथे साध्या मातीच्या तापमानाला विघटन पावणारेच द्रव्य हवे, पॉलिलॅक्टिक अम्ल एकटे तेथे पुरे पडत नाही. काही सूक्ष्मजंतू आपल्या शरीरात चरबीसारखे एक बहुवारिक साठवतात. फ्रान्समध्ये लेमॉइन यांनी १९२० च्या दशकात ते शोधले. ते मातीतच काय, समुद्रातही कुजते. पण महाग पडते. आणि पाण्याच्या बाटल्यांच्या पुनर्वापराच्या ढिगात पॉलिलॅक्टिक अम्लाच्या बाटल्या मिसळल्या, तर तो सारा माल बिघडतो. तात्पर्य, घरात कचरा वेगळा होत नसेल आणि शहरात खताचा प्रकल्प नसेल, तर उत्तमातले उत्तम विघटनशील प्लास्टिकही नाल्यातच जाणार. महाराष्ट्रात २०१८ मध्ये आणि उत्तर प्रदेशातही त्याच वर्षी प्लास्टिकवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. बंदीने एक वस्तू जाते. तिच्या जागी काय येते, ते आपण कोणता शब्द वाचून विकत घेतो, यावर अवलंबून असते.

म्हणून शेवटी शब्दांकडेच येते. पुस्तकाचा खर्डा मी पुन्हा लिहिला. ‘मातीत मिसळून जाणारे’ हा शब्दप्रयोग सर्वत्र खोडला. जेथे केवळ उगम सांगायचा आहे, तेथे ‘वनस्पतिजन्य’ एवढेच ठेवले. जेथे अंत सांगायचा आहे, तेथे ‘विघटनशील’ म्हटले. परंतु तो शब्द एकटा सोडला नाही, कशात, किती उष्णतेत आणि किती काळात, हे त्याच्याजवळ लिहिले. ढिगात खत होणाऱ्यांना ‘कंपोस्टयोग्य’, आणि नुसता भुगा होणाऱ्यांना ‘चुरा होणारे’. वाक्ये थोडी लांबली, हे मान्य आहे. संपादकांनी त्याबद्दल विचारले, तेव्हा मी त्यांना माळ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी वाक्ये तशीच ठेवली.

आपणांपैकी कोणी उद्या बाजारात अशी पिशवी हातात घेतील, तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत, एवढी विनंती करते : ही कशापासून झाली, आणि ही कोठे जाऊन संपेल? दुकानदाराला पहिल्याचे उत्तर बहुधा येईल. दुसऱ्याचे उत्तर त्याच्या एकट्याच्या हाती नाही. ते आपल्या घरात आणि आपल्या नगरपालिकेत तयार व्हावयाचे आहे.